दुधाची पिशवी आणि डुंगरवाडीचे पक्षी



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. २ तारखेला आपण शिवडीच्या कबरस्तानात गेलो, फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या, कबरींवर पवित्र पाणी शिंपडले. त्याच संध्याकाळी फाइव्ह गार्डन्सच्या बाजूने परत येत असताना पारशी कॉलनीतल्या एका वृद्ध गृहस्थांची गाठ पडली. ओळख जुनी, सकाळच्या फिरण्यातली. आमच्या झग्यावर सांडलेले मेण पाहून त्यांनी चौकशी केली. आम्ही कुठून येत आहोत हे कळल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "फादर, तुमच्या लोकांना निदान ठाऊक असते, आपल्या माणसाला कुठे न्यायचे ते."

त्यांची आई जाऊन काही वर्षे झाली. आपल्याला मलबार हिलवरच्या डुंगरवाडीतच न्यावे, अशी तिची इच्छा होती. घराण्यातले सगळे तिथेच गेले होते. पारशी धर्मात अग्नी, पृथ्वी आणि पाणी पवित्र. मृतदेहाने ती विटाळू नयेत म्हणून देह दख्म्यात उघड्यावर ठेवायचा आणि पक्ष्यांनी तो ग्रहण करायचा. देहाचे ते शेवटचे दान. पण आता दान घ्यायला पक्षीच उरलेले नाहीत. सूर्याची किरणे एकवटणारी उपकरणे बसवून पाहिली, तीही पावसाळ्यात कुचकामी. २०१५ साली वरळीच्या स्मशानभूमीत पारशी कुटुंबांसाठी प्रार्थनागृह सुरू झाले. ज्यांना दहन चालते ते तिथे जातात. आमच्या या परिचितांना वरळी बरी वाटत होती, धाकट्या भावाला तो धर्मद्रोह वाटला. आई शेवटी डुंगरवाडीत गेली, पण दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले ते आजतागायत.

निरोप घेताना ते म्हणाले, "गिधाडे कशाने गेली, ठाऊक आहे ना? आपल्या चहाने गेली, फादर. चहातल्या दुधाने."

आम्हांला तो म्हातारपणातला विनोद वाटला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कार्यकारणभावावर आम्ही वर्षभर डोके घासले होते. चहा हे कारण आणि गिधाड हे कार्य, अशी जोडी कुठल्याही ग्रंथात आढळली नव्हती. मग घरी येऊन वाचायला बसलो, आणि लक्षात आले की विनोद नव्हता. जे वाचले ते आज तुमच्यापुढे ठेवीत आहोत, कारण त्यात एक नैतिक प्रश्न आहे आणि तो आमच्याने एकट्याने सुटत नाही.

माटुंग्यात पहाटे पाचच्या सुमारास दाराच्या कडीला दुधाची पिशवी लागते. कोल्हापूर, संगमनेर, आणंद अशा कुठल्यातरी दूरच्या गावातले दूध रात्रीतून प्रवास करून आपल्या दारी येते. ही सोय आपोआप झालेली नाही. पूर्वी म्हशींचे गोठे शहरातच होते. घाण, माश्या आणि पाणी घातलेले दूध हा मुंबईचा नित्याचा अनुभव होता. १९४५ साली बॉम्बे मिल्क स्कीम सुरू झाली आणि आणंदचे दूध मुंबईला येऊ लागले. त्या दुधाचा मोबदला आपल्याला धड मिळत नाही म्हणून १९४६ साली तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी संघ काढला. १९४९ साली गोरेगावला आरे कॉलनी उभी राहिली आणि शहरातल्या म्हशी तिकडे गेल्या. ती उभारणारे दूध आयुक्त दारा खुरोडी हे पारशी. १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो तिघांना मिळून: खुरोडी, आणंदचे त्रिभुवनदास पटेल, आणि केरळच्या सीरियन ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले डॉ. वर्गीस कुरियन. पुढे १९७० पासून दुधाचा महापूर योजना आली. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आरेच्या बाटल्या, दुधाचे कार्ड आणि केंद्रावरची पहाटेची रांग आठवत असेल. आज तान्ह्या मुलासाठी दूध मिळवायला कुणाला रांग लावावी लागत नाही. हे फार मोठे पुण्यकर्म आहे, आणि पुढचे सारे वाचताना हे विसरू नये अशी आमची विनंती आहे.

हा महापूर आला त्यात गायही बदलली. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था स्थापन केली आणि परदेशी वळूंच्या रेतनातून संकरित गायी खेडोपाडी पोहोचवल्या. गावठी गाय दीड-दोन लिटर देई, तिथे संकरित गाय आठ-दहा लिटर देऊ लागली. ज्याच्याकडे एक एकर कोरडवाहू, त्याच्या घरी दर दहा दिवसांनी रोख पैसा येऊ लागला. पण ही गाय नाजूक. उन्हाचा तिला त्रास, आणि कासेचा दाह, ज्याला गावाकडे दगडी म्हणतात, तो तिला लवकर होतो. कास सुजते, गरम होते, गाय हात लावू देत नाही. कर्ज काढून घेतलेली गाय चार दिवस आटली तर हप्ता चुकतो. मग डॉक्टर येतो आणि इंजेक्शन देतो.

१९९० च्या दशकात हे इंजेक्शन बहुधा डायक्लोफिनॅकचे असे. आपल्यातल्या पुष्कळांनी कंबरदुखीसाठी किंवा गुडघेदुखीसाठी हेच औषध घेतलेले असेल. भारतात ते स्वस्तात बनू लागले आणि माणसांचे औषध गोठ्यात पोहोचले. गायीला तासाभरात आराम पडे. मालक सुखावे, गाय सुखावे, डॉक्टरला दुवा मिळे.

आता यातली एखादी गाय दुसऱ्याच कुठल्या दुखण्याने एक-दोन दिवसांत मेली असे धरू. ती गावाबाहेर ओढून टाकली जाई. कातडे काढून झाले की आकाशातून गिधाडे उतरत आणि तासाभरात नुसता सांगाडा उरे. गिधाडाच्या पोटातले आम्ल इतके तीव्र, की सडके मांस आणि त्यातले जंतू, दोन्ही तिथे संपतात. पण डायक्लोफिनॅक संपत नाही. ते गिधाडाच्या मूत्रपिंडावर घाला घालते. काही दिवसांत शरीरात पांढऱ्या क्षारांचा थर साचतो, पक्षी मान खाली टाकून फांदीवर बसून राहतो आणि मग खाली पडतो.

याची पहिली गंभीर नोंद घेतली ती आपल्याच मुंबईतल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने. डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडांची शेकडो घरटी मोजली होती. दहा वर्षांनी ते पुन्हा गेले तेव्हा निम्मीही उरली नव्हती, आणि झाडांखाली मेलेले पक्षी पडलेले होते. रोग असावा असे आधी वाटले. खरे कारण २००४ साली सीमेपलीकडच्या पंजाबातल्या मेलेल्या गिधाडांवरून सिद्ध झाले. औषध असलेली जनावरे शेकडा एकाहून कमी असली तरी एवढा संहार व्हायला ती पुरतात, असा हिशेब निघाला. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. तिच्याकडे तोटा भरून काढण्याची सोयच नाही. पांढऱ्या पाठीचे गिधाड, जे पूर्वी आपल्याकडे कावळ्यासारखे सर्वत्र दिसे, ते १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत शंभरातले नव्याण्णवांहून अधिक नाहीसे झाले.

आणि मढी तर पडतच राहिली. ती कुत्र्यांनी खाल्ली, उंदरांनी खाल्ली, नदीनाल्यांत सडली. कुत्री वाढली, तसा पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचा धोकाही वाढला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडे पूर्वी असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतले मृत्यू ताडून पाहिले. २००० ते २००५ या काळात गिधाडे गेल्यामुळे भारतात सुमारे ५ लाख माणसे जास्तीची मेली, असा त्यांचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. अंदाज म्हणूनच तो घ्यावा. पण निम्मा जरी खरा धरला, तरी आमचे मन थाऱ्यावर राहत नाही.

इथे एक गोष्ट बोलून टाकू. जुन्या गावगाड्यात सारे कसे सुंदर, निसर्गाच्या तालावर चालले होते, असे लिहिण्याचा मोह या विषयावर बोलताना फार होतो. आपल्यापैकी अनेकांची मुळे अहिल्यानगर, संगमनेर, जालना या बाजूची आहेत, आणि मेलेले ढोर ओढण्याचे काम कुणाच्या माथी मारलेले होते हे आपल्या घरांतून कुणाला सांगावे लागत नाही. गिधाडाला गावाने कधी शिवून घेतले नाही म्हणून त्याचे बिघडले नाही. तेच काम करणाऱ्या माणसाला मात्र गावाने अस्पृश्य म्हटले. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा असे सांगितले, ते उगाच नव्हे. तेव्हा जुने परत आणा, असे आम्हांला म्हणायचे नाही. आम्हांला विचारायचे आहे ते एवढेच, की जे घडले त्यात आपण कुठे उभे आहोत?

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांला संत आल्फोन्स लिगोरींचा एक भेद शिकवलेला आहे. दुसऱ्याच्या दुष्कृत्यात माणूस दोन प्रकारे सामील होतो. एक म्हणजे त्याचा हेतू आपलासा करून; दुसरे म्हणजे हेतू मान्य नसताना, केवळ आपल्या कृतीने त्याला हातभार लावून. पहिला प्रकार नेहमीच पाप. दुसऱ्यात अंतर पाहायचे, कारण किती सबळ ते पाहायचे, टाळता आले असते का ते पाहायचे. हा भेद अतिशय उपयोगी आहे आणि आम्ही तो अनेकदा वापरला आहे. पण गिधाडांच्या बाबतीत तो लावायला गेलो तर हाती काही लागत नाही, कारण इथे दुष्कृत्य करणाराच सापडत नाही. शेतकरी गाय वाचवीत होता. डॉक्टर वेदना शमवीत होता. औषध बनवणारा गरिबाला परवडेल असे औषध बनवीत होता. आपण मुलांना दूध पाजत होतो. आमच्या त्या परिचितांची आईसुद्धा रोज दोन वेळा चहा घेत असणारच.

उलट, इंजेक्शन देणे हे तर भूतदयेचे काम. मोशेच्या नियमशास्त्रात मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये असे सांगितले आहे, आणि घरट्यातली पिले घेताना त्यांच्या आईला धरू नये असेही. संत थॉमस अक्वायनस प्राण्यांच्या बाबतीत थोडे हातचे राखून बोलतात. जनावराशी क्रूरपणे वागू नये, कारण त्यातून माणसाशी क्रूर वागायची सवय लागते, असा त्यांचा रोख. एवढ्या थोर गुरूंपुढे मान लववून आम्ही म्हणू, की गायीची वेदना ही गायीचीही असते. धर्मशिक्षणाचा ग्रंथही आज तेच सांगतो: आपण प्राण्यांना ममतेचे देणे लागतो. ते देणे द्यायला गेलेल्या माणसाच्या हातून आकाशातली एक अख्खी जात नाहीशी झाली. चांगला हेतू पुरेसा नसतो, हे आपण प्रवचनात सहज म्हणून जातो. इथे ते वाक्य घशात अडकते.

मग कुणीच दोषी नाही का? २००४ पर्यंत नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे. अक्वायनस अज्ञानाचे दोन प्रकार मानतात. जे कळणे माणसाच्या हाती नव्हते, ते अज्ञान त्याला दोषातून मोकळे करते. जे कळू शकत होते, कळायला हवे होते आणि ज्याकडे त्याने पाठ फिरवली, ते अज्ञान स्वतःच दोष ठरते. २००४ साली कारण कळले. मे २००६ मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. मेलोक्झिकॅम नावाचा पर्याय हाताशी होता, गिधाडांना न बाधणारा, मात्र त्या वेळी थोडा महाग. आणि इथून गोष्ट बदलते. जनावरांचे औषध बंद, पण माणसांचे चालू. माणसाला एका वेळी ३ मिलीची कुपी पुरते. बाजारात ३० मिलीच्या बाटल्या येतच राहिल्या. ३० मिली हे कुठल्या माणसाचे माप? बनवणाऱ्याला ठाऊक होते, विकणाऱ्याला ठाऊक होते, टोचणाऱ्यालाही बहुधा ठाऊक होते. २०१५ मध्ये मोठ्या बाटल्यांवर बंदी आली. त्याविरुद्ध औषध कंपन्या न्यायालयात गेल्या आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बंदी कायम केली. मोठ्या बाटल्यांवर बंदी येईपर्यंतच नऊ वर्षे गेली होती. पुढे असे दिसले की केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक हीही गिधाडांना मारतात. अॅसिक्लोफिनॅकचे तर गायीच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते. त्यांवर बंदी आली २०२३ साली. एकच ठेच आपण किती वेळा खातो पाहा.

या नऊ वर्षांतल्या बाटल्यांना आम्ही दोष म्हणतो. पण तुमचे-आमचे काय? आपण बाटली विकली नाही, पाहिलीसुद्धा नाही.

आपल्या चाळींतून, जुन्या इमारतींतून एक प्रसंग सर्वांच्या ओळखीचा आहे. संध्याकाळी पाणी गेलेले असते, नळ उघडाच राहतो. रात्री पाणी येते, आपण गाढ झोपेत असतो आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या देव्हाऱ्यावर किंवा वेदीवर छतातून धार लागते. ते दार ठोठावतात. आपण मुद्दाम काही केलेले नसते. पण डोळे चोळीत "मी झोपलो होतो" एवढे सांगून दार लावून घेणारा शेजारी कसा वाटेल? दोष नसेल, जबाबदारी आहे. दार ठोठावले त्या क्षणापासून आहे. नळ बंद करायचा, पोछा घेऊन खाली जायचे, रंगाचा खर्च विचारायचा. प्रभू येशूने सांगितलेल्या गोष्टीतला श्रीमंत मनुष्य लाजराला मारीत नाही, हाकलूनही देत नाही. तो रोज जेवतो, इतकेच. लाजर दाराशी असतो, त्याचे फोड कुत्री चाटत असतात. श्रीमंताचे जेवण आणि दाराबाहेरचा माणूस यांच्यामध्ये फक्त एक दार आहे, आणि ते त्याने कधी उघडून पाहिले नाही. मिस्साच्या आरंभी आपण जे पाप कबूल करतो त्यात केलेल्या गोष्टींबरोबर न केलेल्याही असतात. आम्ही धर्मगुरू होऊन इतकी वर्षे झाली. स्वतःच्या पापनिवेदनात आम्ही कधी ताटातल्या अन्नाचा उल्लेख केल्याचे आठवत नाही. उपवासाच्या दिवशी मटण खाल्ले, एवढाच काय तो आमचा ताटाशी संबंध.

आधुनिक शेतीने गाय आणि पेला यांच्यामधले अंतर वाढवले. ते वाढवल्याशिवाय एवढे मोठे शहर जगलेच नसते. पण अंतरामुळे अज्ञान सुखाचे झाले. गावात दूध पिणाऱ्याला गायीचे नाव ठाऊक असे. आपल्याला पिशवीचा रंग ठाऊक असतो. दुधाचीच गोष्ट घेतली म्हणून नाही. २००६ साली नवापूरला कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. आपण तेव्हा काय विचारले? अंडी खायची की नाही आणि पुन्हा कधीपासून खायची. त्या कोंबड्या कशा ठेवल्या होत्या, त्या पोल्ट्रीवाल्यांचे पुढे काय झाले, हे विचारल्याचे आम्हांला तरी आठवत नाही. गायीम्हशींना जी सरकीची पेंड घालतात, ती कपाशीच्या शेतातून येते, आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात त्याच कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. दुधाच्या पेल्यात किती जणांचे हात बुडालेले आहेत!

याचा पुष्कळांना राग येईल हे आम्ही जाणतो. गेल्या आठवड्यात हा विषय एका घरी निघाला, तेव्हा त्या बाई म्हणाल्याच, "फादर, आता दूध घेणंपण पाप का? दोन पिशव्यांची एक केली मी मागच्या महिन्यात." त्या बाईंच्या माथ्यावर एक गुंजभरही ओझे ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाही. जबाबदारी सर्वांची म्हटली की ती कुणाचीच राहत नाही, किंवा जो दुबळा त्याच्यावर लोटली जाते. ज्याला अधिक दिलेले आहे त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, हे शुभवर्तमानाचे माप इथेही लागू आहे. ज्यांच्या घरी पनीर, चीज, आइस्क्रीम आठवड्यातून चारदा येते, त्यांना आम्ही विचारतो आहोत. आणि सणावारी आमच्या टेबलावर जे येते ते पाहता, त्यांत आम्हीही आलो. पोप बेनेडिक्ट यांनी २००९ च्या आपल्या परिपत्रात म्हटले होते, की वस्तू विकत घेणे हा नुसता पैशाचा व्यवहार नसून नैतिक कृती आहे; पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' लिहिताना त्याचीच आठवण दिली. वाक्य सोपे आहे. पण पिशवीवर किंमत छापलेली असते, तारीख छापलेली असते. गायीला काय टोचले ते छापलेले नसते. न छापलेल्या गोष्टीवर नैतिक कृती कशी करायची?

आम्हांला एकच उपाय सुचला आणि तो अगदी साधा होता: विचारायचे. आधी सकाळच्या दूधवाल्याला विचारले. तो हसला. त्याच्या हयातीत गिऱ्हाइकाने त्याला पिशवी फुटकी का, उशीर का, सुट्टे का नाहीत, हेच विचारले होते. मग आपल्या धर्मग्रामातल्या एका कुटुंबाचे भाऊ संगमनेर तालुक्यात शेती करतात, त्यांचा नंबर घेतला. चार संकरित गायी आहेत, दूध गावच्या संस्थेत घालतात. गायीला दगडी झाली की काय देता, असे विचारल्यावर ते आधी जरा बिचकले. मुंबईचे फादर हे कशाला विचारतात?

"पिवळं इंजेक्शन देतात डॉक्टर आता," ते म्हणाले. पिवळे म्हणजे मेलोक्झिकॅम. "आधी दुसरं होतं, स्वस्तातलं. लगेच गुण यायचा. ते बंद झालं."

का बंद झाले, ठाऊक आहे का? त्यांना ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत त्यांना ते कुणी सांगितलेच नव्हते. आम्ही गिधाडांची सारी हकिगत सांगितली. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. फोन कटला असे वाटून आम्ही "हॅलो, हॅलो" केले.

"आहे फादर, आहे. आमच्या लहानपणी ओढ्याकाठच्या चिंचेवर असायची ती. पंचवीस-तीस. आम्ही दगड मारायचो. मग दिसंनाशी झाली. आम्हांला वाटलं, दुष्काळानं गेली कुठंतरी." थोडे थांबून त्यांनी विचारले, "म्हणजे माझ्या हातनं पण झालं असंल का हो?"

झाले असेल, नसेलही, असे आम्ही म्हणालो. तुम्हांला ठाऊक नव्हते, आणि आम्हांलाही नव्हते. याहून बरे काही त्या क्षणी सुचले नाही. पण तो प्रश्न त्यांनी ज्या स्वरात विचारला, तो आमच्या कानांतून जात नाही. दूध विकणाऱ्याने तो विचारला होता. दूध पिणाऱ्यांपैकी कुणाच्या तोंडून तो आम्ही अजून ऐकलेला नाही.

मग त्यांनी आमची उलटतपासणी घेतली. पिवळे औषध महाग, चारा महाग, पेंड महाग. लिटरमागे दोन रुपये वाढले तर गावात पेढे वाटावे अशी स्थिती. "तुम्ही तिथं पाण्याची बाटली वीस रुपयांना घेता. आम्ही गाय नीट ठेवली, साधं औषध टाळलं, गोठ्यात गर्दी केली नाही, तर दोन पैसे जास्त देणार का कोण? का नुसतं विचारणार?"

आम्ही उत्तर दिले नाही. देता आले नाही. वेदीवर भाकर अर्पण करताना ती जमिनीचे फळ आणि माणसाच्या हातचे श्रम आहे, असे आपण दररोज म्हणतो. ते श्रम करणाऱ्याने थेट भाव विचारला, तेव्हा आमची जीभ टाळूला चिकटली.

पारशी कॉलनीतल्या गृहस्थांना हे सारे सांगितले. पुन्हा गिधाडे आणून डुंगरवाडीत मोठ्या पिंजऱ्यात पाळावीत, अशी कल्पना त्यांच्या समाजात मागे निघाली होती, असे ते म्हणाले. पण शेवटच्या दुखण्यात माणसांनाही तेच वेदनाशामक दिलेले असते. मग गायीच्या मढ्याने जे केले ते आपल्या आईच्या देहाने केले असते. "तिला फार दुखत होते, फादर. इंजेक्शन द्या म्हणून डॉक्टरला मीच सांगत होतो." भावाशी बोलणे अजून सुरू झालेले नाही.

शेतकऱ्याच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर द्याल? येत्या रविवारी साडेआठच्या मिस्सानंतर सभागृहात बसू या. संगमनेरचे आपले बंधू आदल्या रात्री येणार आहेत. सकाळची धार मुलगा काढणार आहे, पण संध्याकाळच्या धारेला त्यांना घरी पोहोचायचे आहे, तेव्हा साडेदहाला सभा संपवावी लागेल. पारशी मित्रांनाही बोलावले आहे. येतो म्हणाले आहेत. मुलांना घेऊन या. चहा असेल.